जातिलुविह: बालीतलं भातशेतीचं गाव, बघायला जाणाऱ्यांसाठी आणि तिथे पैसे लावायचा विचार करणाऱ्यांसाठी

बालीला जाऊन आलेल्या कुणाच्याही फोनमध्ये एक फोटो हमखास सापडतो, पायऱ्यापायऱ्यांची हिरवीगार भातशेती, मागे ढगात अर्धा बुडालेला डोंगर आणि पुढे आपली माणसं. बहुतेकांचा तो फोटो उबुदजवळच्या तेगलालांगचा असतो कारण ते जवळ पडतं, पण ज्यांना ड्रायव्हरने जरा लांब नेलं त्यांचा जातिलुविहचा असतो. माझ्या ओळखीतले लोक या गावाबद्दल आधी एकच विचारायचे, जाण्यासारखं आहे का. आता दुसरा प्रश्नही यायला लागलाय, तिथे जागा मिळते का, एखादा छोटा व्हिला टाकता येईल का, कारण बालीत पैसे गुंतवा म्हणणारे रील सगळ्यांच्याच फोनवर येतायत. दोन्ही प्रश्नांची उत्तरं मला एकाच ठिकाणी सापडली, ती म्हणजे तिथल्या पाण्याच्या वाटणीत, म्हणून आधी पाणी समजून घेऊ, मग तिकीट आणि मग जमीन.

गाव कुठे आहे ते पटकन सांगतो. बाली बेटाच्या मधोमध पण जरा पश्चिमेला तबानान नावाचा जिल्हा आहे, त्यातल्या पनेबेल तालुक्यात हे गाव. मागे बातुकारू डोंगर, उंची २,२७६ मीटर, गाव त्याच्या दक्षिण उतारावर साधारण ७०० मीटरवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुटा-सेमिन्याकच्या दमट उकाड्यातून वर आलात की हवा एकदम बदलते. बालीची राजधानी देनपसारहून ४८ किलोमीटर सांगतात, पण रस्ता वळणांचा आणि अरुंद, त्यामुळे दीड ते दोन तास धरूनच चाला. नावाचा अर्थ सरळ आहे, जाती म्हणजे खरं, लुविह म्हणजे उत्तम, खरोखर सुंदर असं काहीसं. गावच्या पायऱ्यांच्या शेतीचं क्षेत्र ३०० हेक्टरच्या थोडं वर आहे.

आता मुख्य गोष्ट, सुबाक. हा शब्द तिथे प्रत्येक बोर्डवर दिसतो आणि गाईड लोक त्याचं भाषांतर पाटबंधारे पद्धत असं करून पुढे जातात, पण पाटबंधारे म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे धरण, कालवा आणि खात्याचं ऑफिस येतं, आणि सुबाक तसं नाहीच. सुबाक म्हणजे एका पाण्याच्या तोंडावरून ज्यांच्या ज्यांच्या शेतात पाणी जातं त्या सगळ्या शेतकऱ्यांची मिळून संस्था. तुम्ही कुठल्या गावात राहता याच्याशी तिचा संबंध नाही, तुमचं खाचर कुठल्या पाटावर आहे याच्याशी आहे. म्हणजे एकाच गावातली दोन घरं दोन वेगळ्या सुबाकात असू शकतात आणि दोन गावांतली माणसं एका सुबाकात. हद्द पाणी ठरवतं.

माझं आजोळ पिंपळनेरकडचं, पांझरेच्या काठावरचं, त्यामुळे हे वाचल्यावर मला पहिल्यांदा आठवला तो फड. धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धत चालत आलीय, नदीवर बंधारा, तिथून पाट, थळाचं, म्हणजे त्या पाटाखाली भिजणारं, सगळं क्षेत्र तीन-चार फडांत वाटलेलं, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि कुठल्या फडात यंदा काय लावायचं ते शेतकऱ्यांनीच बसून ठरवायचं. ज्याने फड बघितलाय किंवा घरात ऐकलाय त्याला सुबाक समजायला पाच मिनिटं पुरतात. फरक एवढाच की तिथे हे सगळं डोंगराच्या उतारावर आहे, पीक भात आहे, आणि प्रत्येक टप्प्यावर एक देऊळ आहे.

पाणी कसं येतं ते बघा. वर ओढ्यावर किंवा नदीवर छोटा बांध, त्याला एम्पेलान म्हणतात. बालीतल्या नद्या खोल घळीतून वाहतात, शेत वर आणि पाणी खाली अशी अवस्था, म्हणून पाणी खूप वरून उचलावं लागतं आणि मध्ये डोंगराची सोंड आली तर तिच्यातून बोगदा काढावा लागतो, हे बोगदे जुन्या लोकांनी ज्वालामुखीच्या मऊ दगडात हाताने खणलेले आहेत. तिथून पाट निघतो, तो तेलाबाह. पाटाचे फाटे पडतात तिथे वाटणीची जागा असते, तेमुकू, मूळची पद्धत म्हणजे आडवा लाकडी ओंडका आणि त्याला ठरलेल्या मापाच्या खाचा. यात खरी हुशारी आहे, कारण दरवाजा उघडला-मिटला असला प्रकारच नाही, नदीला पाणी जास्त आलं तर सगळ्यांना जास्त, कमी आलं तर सगळ्यांना कमी, हिस्सा तोच राहतो. हा हिस्सा तेक्तेक या मापात मोजतात, आणि ज्याचा जेवढा हिस्सा तेवढी त्याची कामाची जबाबदारी, पाट साफ करणं, बांध दुरुस्त करणं, देवळाच्या कामाला हातभार. पुढे पाणी वरच्या खाचरातून खालच्या खाचरात उतरत जातं. आता हे लक्षात ठेवा कारण व्हिलाच्या गोष्टीत ते परत येणार आहे: मधलं एक खाचर जरी बुजवलं तरी खालच्यांच्या पाण्याची वाट बदलते.

या संस्थेच्या प्रमुखाला पेकासेह म्हणतात. त्याला सदस्य निवडतात, तो स्वतः शेतकरीच असतो. नियम लिहून ठेवलेले असतात, त्यांना आविग-आविग म्हणतात, पाणी चोरलं तर दंड काय, कामाला आला नाहीस तर काय, सगळं त्यात. आणि देवळं. पाणी शेतात शिरतं त्या जागी छोटं देऊळ, सुबाकाचं स्वतःचं मोठं देऊळ, त्याच्यावर अनेक सुबाकांचं मिळून, असं करत करत डोंगरावरच्या सरोवराच्या देवळापर्यंत साखळी जाते. भाताची देवी म्हणजे देवी श्री, आपली श्रीच. या सगळ्याच्या मागच्या विचाराला ते त्रि हित करण म्हणतात, मराठी माणसाला हे शब्द समजावून सांगायची गरजच नाही, तीन हिताची कारणं, देवाशी नीट नातं, माणसाशी नीट नातं, निसर्गाशी नीट नातं. ही सुबाक पद्धत नवव्या शतकापासूनची आहे असं युनेस्को सांगतं.

तुम्ही म्हणाल देवळं ठीक आहेत, श्रद्धेचा भाग आहे, पण शेतीत त्यांचं काम काय. ही गोष्ट मला या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटते म्हणून जरा थांबून सांगतो.

भाताच्या शेतकऱ्याला दोन भीती असतात, पाणी आणि कीड. टेलच्या, म्हणजे पाटाच्या शेवटच्या, शेतकऱ्याला पाण्याची भीती, हेडवाला, म्हणजे तोंडाजवळचा, सगळं ओढून घेईल ही, आपल्याकडच्या कुठल्याही कालव्यावर हेच भांडण आहे. मग वरचा शेतकरी खालच्याला पाणी का सोडेल? त्याचं उत्तर किडीत आहे. एका शेतात भात कापून झालाय आणि शेजारच्या शेतात अजून हिरवा उभा आहे असं झालं की तुडतुडे, उंदीर इकडून तिकडे जातात, त्यांना वर्षभर जेवण मिळतं. पण एका पट्ट्यातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावणी केली, एकाच वेळी कापणी केली आणि मग शेतं काही दिवस पाण्याखाली किंवा मोकळी ठेवली तर किडीला खायलाच काही उरत नाही. म्हणजे वरच्याला कीड नको असेल तर खालच्यानेही त्याच वेळापत्रकाने चालायला पाहिजे, आणि खालचा तसा चालेल कधी, तर त्याला वेळेवर पाणी मिळालं तर. आता सगळ्या डोंगराने एकाच दिवशी लावणी काढली तर तेवढं पाणी नदीतच नाही, म्हणून शेजारशेजारचे सुबाक गट करून थोडं मागेपुढे चालतात. हा हिशोब कुठे बसतो, तर देवळात. देवळाच्या सणांचं कॅलेंडर म्हणजे पाणी सोडायचं, लावणीचं आणि विश्रांतीचं कॅलेंडर. पूजा करायला जमलेली माणसं तिथेच बसून पाळ्या ठरवतात.

हे कुणाच्या लक्षात कधी आलं? मोडल्यावर आलं. १९७० च्या दशकात हरित क्रांती बालीत पोचली, नवीन बुटके लवकर येणारे वाण, खत, औषध, आणि सरकारचा सांगावा असा की जमेल तितक्या वेळा भात लावा, देवळाची पाळी बघत बसू नका. पहिली काही पिकं जोरात आली. मग तपकिरी तुडतुडे आले. त्यांना तोंड देणारा आयआर-३६ हा वाण १९७७ मध्ये आणला, तर भातावर टुंग्रो नावाचा रोग आला. एकामागून एक पिकं गेली, पाण्याची वाटणीही विस्कटली. त्याच काळात १९७९ पासून आशियाई विकास बँकेच्या कर्जातून कालव्यांचं आधुनिकीकरण सुरू झालं, लोखंडी दरवाजे वगैरे, आणि बऱ्याच ठिकाणी शेतकऱ्यांनी ते वापरलेच नाहीत, कारण त्यांची वाटणी हिश्शाची होती, उघडझाप करणाऱ्या दरवाजाची नव्हती. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्टीफन लान्सिंग त्या काळात तिथे काम करत होते, त्यांनी आणि जेम्स क्रेमर यांनी नद्या, सुबाक, पाऊस, कीड हे सगळं कॉम्प्युटर मॉडेलमध्ये घालून बघितलं, आणि देवळांच्या जाळ्याने ठरवलेलं वेळापत्रक उत्पादनाच्या दृष्टीनेही जवळजवळ उत्तम निघालं. पुढे बँकेच्या स्वतःच्या मूल्यमापनातही जुन्या पद्धतीची किंमत न ओळखल्याचं मान्य झालं. मला हे वाचून आपल्या फडांचं वाईट वाटतं, वर मोठी धरणं झाली, शिवारात विहिरी-बोअर झाले, ज्याचं पाणी त्याचं झालं, आणि बरेच फड बसून गेले. बालीत मोडता मोडता सावरलं.

जातिलुविहचं वेगळेपण असं की इथे जुना वाण पूर्ण गेला नाही. गावचा लाल तांदूळ, कोकणातल्या भाषेत सांगायचं तर हा गरवा भात, पाच-सहा महिन्यांचा, उंच वाढणारा. नवीन वाण तीन-चार महिन्यांत निघतात. म्हणून इथे पद्धत अशी की वर्षाचं पहिलं पीक लाल भाताचं, साधारण जानेवारीत लावणी आणि जून-जुलैच्या सुमारास कापणी, आणि दुसरं पीक हळव्या पांढऱ्या भाताचं. लाल भाताच्या लोंब्या परंपरेने तळहातात मावेल अशा छोट्या पात्याने एकेक करून कापतात, त्या पात्याला आनी-आनी म्हणतात, मग जुड्या बांधून उंच खांबांवरच्या कोठारात ठेवतात. तांदूळ भाजून त्याचा चहाही करतात, गावात सगळीकडे मिळतो, चव जरा भाजक्या धान्यासारखी.

२०१२ मध्ये युनेस्कोने बालीची सुबाक पद्धत जागतिक वारसा यादीत घेतली, एकूण १९,५०० हेक्टर, त्यात बेटावरच्या वेगवेगळ्या जागा आहेत, बातूर सरोवर आणि त्याचं देऊळ, पाकरिसान नदीचं खोरं, तामान आयुन देऊळ, आणि बातुकारूच्या उतारावरचा हा भाग ज्यात जातिलुविह येतं. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने जगातल्या उत्तम पर्यटन गावांच्या यादीतही जातिलुविह घेतलं. वारसा मिळाला तो नुसत्या हिरव्या पायऱ्यांना नाही, त्या पाणी वाटून घेणाऱ्या पद्धतीला. पायऱ्या राहिल्या आणि सुबाक मेला तर वारशाला अर्थ उरणार नाही.

आणि इथेच पैशाचा प्रश्न येतो. यादीत नाव आलं, गाड्या वाढल्या, प्रवेशाला तिकीट आहे, परदेशी माणसाला जास्त, इंडोनेशियनला कमी. गावाच्या पर्यटनाचं काम एक व्यवस्थापन मंडळ बघतं आणि तिकिटाचा पैसा जिल्हा सरकार, गाव, आदात (म्हणजे रूढीचं गाव, त्याबद्दल पुढे) आणि सुबाक यांच्यात वाटला जातो. ऐकायला बरं वाटतं. पण शेतकऱ्याच्या बाजूने बघा, बहुतेकांची जमीन अर्ध्या हेक्टरच्या आसपास किंवा त्याहून कमी, बरेच जण दुसऱ्याचं शेत वाट्याने करतात, सुबाकाच्या वाट्याला आलेला पैसा पाटाच्या दुरुस्तीत आणि देवळाच्या सणांत जातो, आणि एकेका घराच्या हातात फार थोडं पडतं. उलट जमिनीचा भाव वाढला की कर वाढतो, मजुरी वाढते, पोरं हॉटेलात कामाला जातात. ज्याच्या बांधावर उभं राहून आपण फोटो काढतो त्याला त्या फोटोतून फारसं काही मिळत नाही. मग त्याला वाटतं, रस्त्याकडेला एक छोटी टपरी टाकावी, जेवण-कॉफी विकावी. ते टाकलं तर नियम आडवे येतात कारण ते संरक्षित भातशेत आहे. २०२५ च्या डिसेंबरात प्रांताच्या विधिमंडळाच्या समितीने अशा बांधकामांवर कारवाई केली तेव्हा चिडलेल्या शेतकऱ्यांनी आपल्याच शेतात पत्रे उभे केले, पर्यटकांना दिसतील असे. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला कळतं. बांधकाम एकाला दिलं की रांग लागते आणि दहा वर्षांत तेगलालांगसारखे झोपाळे आणि कॅफे होतात. पण शेत राखणाऱ्याच्या ताटात काही पडलं नाही तर तो किती दिवस राखेल? माझं स्पष्ट मत आहे की आधी शेतकऱ्याचा हिस्सा वाढला पाहिजे, कारवाई त्याच्यानंतर.

आता पैसे लावायचा विचार करणाऱ्यांसाठी. पहिली गोष्ट, गावात बोलायचं कुणाशी. बालीत एकाच जागी दोन गावं असतात, एक सरकारी गाव, त्याचा प्रमुख पर्बेकेल, म्हणजे आपला सरपंच समजा, दाखले, योजना, केंद्राचा ग्रामनिधी हे त्याच्याकडे. हा ग्रामनिधी २०१४ च्या ग्राम कायद्याने सुरू झाला आणि २०१५ पासून थेट गावांना मिळतो, गावाला स्वतःची कंपनी काढता येते तीही याच कायद्याखाली, तिला बुमदेस म्हणतात. दुसरं गाव म्हणजे देसा आदात, रूढीचं गाव, त्याचा प्रमुख बेंदेसा, देवळं, सण, स्मशान, गावठाणाची जमीन, रूढीचे नियम त्याच्याकडे, प्रांताचा २०१९ चा कायदा त्याला मान्यता देतो. त्याची स्वतःची पतसंस्था असते, १९८४ पासून ही पद्धत आहे. जातिलुविहच्या हद्दीत असे दोन आदात आहेत, जातिलुविह आणि गुनुंगसारी. आणि तिसरा पेकासेह, पाण्याचा. तिघांची हद्द वेगवेगळी, तिघांचे नियम वेगवेगळे. परवानगी पर्बेकेलच्या सहीची आणली आणि पेकासेहला विचारलंच नाही, असं झालं तर कागद पक्का असूनही काम अडतं, आणि माझ्या मते अडायलाच पाहिजे, कारण एक खाचर बुजवलं तरी खालच्यांच्या पाण्याची वाट बदलते.

दुसरी गोष्ट, जमीन. १९६० च्या भूमी कायद्यानुसार परदेशी माणसाला पूर्ण मालकी, तिथे तिला हक मिलिक म्हणतात, मिळतच नाही. शब्दसुद्धा ओळखीचे आहेत, हक आणि मिळकत, पण आपल्या नावावर होणार नाही. शेतजमिनीचं तर स्वतः इंडोनेशियन माणसालाही बंधन आहे, मालक त्याच तालुक्यात राहणारा पाहिजे, १९६१ च्या नियमात ते आहे. आपल्याकडे शेतकरी असल्याचा दाखला लागतो, तिथे राहण्याचा. आणि घराची जागा दिसली तरी ती कधीकधी आदातची असते, राहणारा ती वापरतो आणि बदल्यात गावाची, देवळाची सेवा करतो, ती विकताच येत नाही.

मग एजंट काय सांगतो, इथल्या एखाद्या माणसाच्या नावावर घेऊ, तुमच्यात आणि त्याच्यात वेगळा करार करू. हे ऐकलं की तिथून उठा. त्याच कायद्याच्या २६ व्या कलमात सरळ लिहिलंय की परदेशी माणसाला थेट किंवा आडून जमीन देणारा व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. म्हणजे जमीनही गेली, पैसेही गेले, आणि कोर्टात उभं राहायला पाय नाही. कंपनीचे शेअर दुसऱ्याच्या नावावर ठेवायचा मार्गही २००७ च्या गुंतवणूक कायद्याच्या ३३ व्या कलमाने बंद आहे.

कायदेशीर मार्ग आहेत. एक भाडेपट्टा, लोक साधारण २५-३० वर्षांचा करतात, मुदत संपली की जमीन आणि बरेचदा वरचं बांधकामही मालकाचं. रीलमध्ये व्हिला घेतला म्हणतात तो बहुतेक वेळा हा भाडेपट्टाच असतो, फक्त तो शब्द उच्चारत नाहीत. दुसरा, तिथे राहण्याचा परवाना असलेल्या माणसाला वापराचा हक्क. तिसरा, परदेशी भांडवलाची कंपनी काढणं, तिला पीटी पीएमए म्हणतात, तिला बांधकामाचा हक्क मिळतो, ३० वर्षं, मग वाढवून २०, मग नूतनीकरण ३०. पण या कंपनीची गुंतवणूक जमीन आणि इमारत सोडून १,००० कोटी रुपियाच्या वर पाहिजे, त्यांच्या भाषेत दहा मिलियार, आपल्या पैशात साधारण पाच-साडेपाच कोटी. आणि घरगुती निवासाचा जो छोटा परवाना असतो, पोंदोक विसाता, तो स्थानिकांसाठीच आहे, परदेशी माणसाला मिळत नाही. भारतातून पैसे पाठवायचे तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका माणसाला एका आर्थिक वर्षात २.५ लाख डॉलरची मर्यादा. हे सगळं धरलं की जातिलुविहमध्ये वीस-तीस लाख टाकून दोन खोल्यांचा व्हिला आणि महिन्याला भाडं, हे गणित बसतच नाही, आणि शेतातल्या प्लॉटचं तर अजिबात नाही, कारण शाश्वत अन्नशेतीच्या संरक्षणाचा २००९ चा कायदा आणि संरक्षित भातशेताचे नकाशे दोन्ही त्याच्यावर आहेत. सही करायच्या आधी तो नकाशा बघा, नंतर नाही. बघायला स्वतःचा नोटरी न्या, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

मग काय करण्यासारखं आहे का? आहे, पण जमिनीत नाही. या गावात पैसा कमी पडतो तो कापणीनंतर. लाल तांदूळ कांडायची चांगली गिरणी, वाळवण, पॅकिंग, बाहेर विक्री, शेतकऱ्याला आगाऊ भाव देऊन खरेदी, तांदळाच्या चहाचं नीट उत्पादन. यात भागीदार म्हणून गावची कंपनी, सहकारी संस्था किंवा सुबाकच पाहिजे, आणि मालाचा खरेदीदार म्हणून बाहेरचा माणूस चालतो, त्याला जमिनीचा तुकडाही लागत नाही. तांदूळ आयात करणारा, हेल्थ फूड विकणारा कुणी मराठी व्यापारी असेल तर त्याने व्हिलाच्या ब्रोशरपेक्षा या बाजूने विचार करावा असं मला मनापासून वाटतं. आयातीचे नियम आणि शुल्क मात्र आधी तपासून घ्या.

बघायला जाणाऱ्यांसाठी थोडं. भारतीयांना विमानतळावर व्हिसा मिळतो, ५ लाख रुपिया, ३० दिवस, एकदा वाढवता येतो. १४ फेब्रुवारी २०२४ पासून बालीत परदेशी पर्यटकांना दीड लाख रुपिया वेगळे भरावे लागतात, आपले आठशेच्या आसपास, ऑनलाईन भरून टाका. पाऊस नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा डोंगर दुपारनंतर झाकतो, म्हणून सकाळी लवकर पोचा. लाल भात सोनेरी झालेला बघायचा तर जूनकडे जा, तुडुंब पाण्याची आरशासारखी खाचरं बघायची तर लावणीच्या आधी. शेतातून पायवाटा आखलेल्या आहेत, छोट्या-मोठ्या, तासाभराची एक तरी चाला, नुसतं वरच्या रस्त्यावरच्या हॉटेलातून फोटो काढून परत फिरू नका. बांधावरून चालताना एका रांगेत चाला, बांध ढासळला तर पाणी खालच्या खाचरात धडाधड उतरतं आणि तो बांध परत घालायला कुणाचा तरी अर्धा दिवस जातो. पाटाच्या तोंडाशी छोटं देऊळ दिसेल, त्याच्या कट्ट्यावर बसू नका, आपण आपल्या शेतातल्या म्हसोबावर बसत नाही तसंच.

तारखा ठरवताना न्येपी बघून घ्या. हा त्यांचा शक वर्षाचा पहिला दिवस, आपलाच शक, २०२६ मध्ये न्येपी आणि आपला गुढीपाडवा एकाच दिवशी, १९ मार्चला, शके १९४८. काही वर्षी अधिक महिन्याच्या फरकाने दोन्ही लांब जातात. त्या दिवशी बालीत विमानतळ बंद, रस्ते बंद, दिवे बंद, हॉटेलच्या बाहेर पाय टाकायचा नाही.

आणि परत येताना लाल तांदूळ घ्या, रस्त्यावरच्या मोठ्या दुकानातून नाही, पायवाटेवर जो शेतकरी किंवा त्याची बायको पिशव्या घेऊन बसलेली असते तिच्याकडून. घरी आणल्यावर रात्रभर भिजवा, पाणी नेहमीपेक्षा जास्त घाला, कुकरला शिट्ट्या दोन जास्त, आणि वरण पातळ ठेवा.